सोनिया रामन सिअ‍ॅटलच्या हेड कोच! पण या लीगमध्ये कोच निवडतात तरी कसे?

सासुरवाशीण_सिअ‍ॅटल

मंडळी, सिअ‍ॅटल स्टॉर्मने सोनिया रामन यांना हेड कोच नेमलं आणि इथे एक धागा नाही? क्रिकेटच्या निवड समितीला झोडपायला आपण दोनशे प्रतिसाद पाडतो. म्हटलं, कोणी काढत नाही तर आपणच काढावा.

नवख्यांसाठी थोडक्यात: डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. १९९७ साली आठ संघांनिशी सुरू झाली, २०२६ च्या हंगामात टोरोंटो आणि पोर्टलंड धरून पंधरा होतात. भारतीय वंशाच्या व्यक्तीकडे इथल्या संघाचं हेड कोचपद पहिल्यांदाच आलंय. वडील चेन्नईचे, आई नागपूरची. (धरमपेठी, ऐकताय ना?)

बाईंचा प्रवास वाचण्यासारखा आहे. टफ्ट्स विद्यापीठात खेळल्या, मग बॉस्टन कॉलेजमधून कायद्याची पदवी. काही वर्षं वकिली पेशा. वेल्स्ली कॉलेजात असिस्टंट कोच, आणि २००८ पासून एमआयटीत हेड कोच. हो, तेच एमआयटी. तिथे खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणजे गणित-फिजिक्समध्ये पाणी दाखवून आलेल्या पोरींतूनच संघ उभा करायचा. बारा वर्षांत १५२ सामने जिंकले आणि एमआयटीच्या मुलींना पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत नेलं. २०२० मध्ये पुरुषांच्या एनबीएत मेम्फिस ग्रिझलीजने असिस्टंट म्हणून घेतलं. तिथे चार वर्षं, मग २०२५ चा हंगाम न्यूयॉर्क लिबर्टीच्या बाकावर, आणि आता आमच्या गावात.

आनंद झालाच. पण त्यांच्यासाठी खुर्ची रिकामी झाली ती नोएल क्विनला निरोप देऊन. क्विन इथेच खेळल्या, २०१८ चं विजेतेपद खेळाडू म्हणून आणि २०२० चं असिस्टंट म्हणून पाहिलं, २०२१ मध्ये तेव्हाचे हेड कोच डॅन ह्यूजेस हंगामाच्या मधेच निवृत्त झाले तेव्हा संघ सांभाळला. २०२५ मध्ये २३ जिंकले, २१ हरले, प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्या फेरीत बाहेर. त्या हंगामात संपूर्ण लीगमध्ये कृष्णवर्णीय महिला हेड कोच म्हणून त्या एकट्याच होत्या. आता एकही नाही. बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असलेल्या लीगमध्ये!

तर प्रश्न असा की इथे हेड कोच नेमताना नक्की बघतात काय? मैदानावरचा अनुभव, निकाल, ओळखी, की आणखी काही?

झोनडिफेन्स

मस्त विषय ताई. बाकी राहू दे, आधी एक हिशेब बघ. २०२४ चा हंगाम संपला तेव्हा बारांपैकी सात संघांत कोच बदलले. नव्या गोल्डन स्टेट व्हॅल्कीरीजने आपला पहिला कोच नेमला तो वेगळाच. २०२५ संपल्यावर न्यूयॉर्क, सिअ‍ॅटल, डॅलस, शिवाय टोरोंटो आणि पोर्टलंड. आता पंधरा खुर्च्यांवर नजर फिरव. २०२४ च्या शरदाआधीपासून टिकलेले तिघेच: मिनेसोटाच्या शेरिल रीव्ह (२०१० पासून, चार विजेतेपदं), लास व्हेगासच्या बेकी हॅमन आणि फीनिक्सचे नेट टिबेट्स. म्हाडाच्या सोडतीत घर लागलेला माणूस यापेक्षा जास्त निर्धास्त झोपत असेल.

आकडेमोड

सातांचा पहिल्या वर्षाचा निकाल देतो (२०२५, प्रत्येकी ४४ सामने, कंसात २०२४ चे ४० पैकी विजय):

अटलांटा, कार्ल स्मेस्को: ३० विजय (१५)
इंडियाना, स्टेफनी व्हाइट: २४ (२०)
लॉस एंजेलिस, लिन रॉबर्ट्स: २१ (८)
वॉशिंग्टन, सिडनी जॉन्सन: १६ (१४)
कनेक्टिकट, रशीद मेझियान: ११ (२८)
शिकागो, टायलर मार्श: १० (१३)
डॅलस, ख्रिस कोक्लेनिस: १० (९)

आता यावरून कोण कोच चांगला, कोण वाईट? काहीच ठरत नाही. कनेक्टिकटच्या पहिल्या पाचातल्या पाचही जणी संघ सोडून गेल्या. मेझियान यांना हातात मिळालं ते रिकामं ताट. त्यांतली ब्रिओना जोन्स अटलांटाला गेली, जोडीला ब्रिटनी ग्रायनरही आली, आणि स्मेस्को यांचे विजय दुप्पट झाले. कोच म्हणून ते उत्तम असतीलच (फ्लोरिडा गल्फ कोस्टमध्ये दोन दशकं शून्यातून उभं केलेलं काम आहे, थ्री-पॉइंटरांचा, म्हणजे लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या बास्केटचा, पाऊस पाडणारी पद्धत आहे), पण श्रेयाची वाटणी करायला बसलात तर भांडण होईल.

बेंचवरची

निकाल बघून नोकरी टिकते या समजुतीला तर न्यूयॉर्कनेच सुरुंग लावला. सँडी ब्रोंडेलो. २०२४ मध्ये लिबर्टीला त्यांच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. चार वर्षांत साखळीतले १०७ विजय, ५३ पराभव. २०२५ मध्ये अर्धा संघ दुखापतींनी आत-बाहेर, तरी २७ सामने जिंकले, पहिल्या फेरीत फीनिक्सकडून हरले आणि कराराचं नूतनीकरण झालं नाही. विजेतेपदाला वर्ष पूर्ण व्हायच्या आत!

गंमत म्हणजे बाईंना हे दुसऱ्यांदा बघावं लागलं. फीनिक्सला २०१४ मध्ये विजेतेपद दिलं, २०२१ मध्ये अंतिम फेरी गाठून दिली, आणि त्याच वर्षअखेर तिथूनही रामराम. आता टोरोंटोने उचललंय. नेमणूक झाली तेव्हा संघात एकही खेळाडू नव्हती. खेळाडू संघटना आणि लीग यांच्यातला करार संपत आलेला, त्यामुळे बहुतेक सगळ्या जणींनी आपले करार २०२५ पर्यंतच ठेवलेले. म्हणजे तेव्हा कोच होता, जर्सीचा रंग ठरलेला, खेळायला कोण हे देव जाणे.

धरमपेठी

ऐकतोय ऐकतोय! आई नागपूरची म्हटल्यावर अर्धं श्रेय संत्र्याला. :)

बाकी ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: ओळखी. आपल्याकडे होतं तेच तिकडे, फक्त टाय लावून. वॉशिंग्टन मिस्टिक्सचंच बघा. माइक थिबो कोच आणि जनरल मॅनेजर (खेळाडू आणि कोच निवडणारा अधिकारी) दोन्ही होते. २०२२ मध्ये कोचपद सोडलं आणि ते गेलं कोणाकडे? चिरंजीव एरिककडे. वडील मॅनेजर, मुलगा कोच. २०२४ मध्ये दोघांनाही एकदमच नारळ. डॅलसला कर्ट मिलर मॅनेजर झाले (स्वतः लॉस एंजेलिसहून कोच म्हणून नुकतेच काढलेले) आणि त्यांनी आणलं कोक्लेनिसना, जे आधी त्यांचेच असिस्टंट होते. दहा विजय, एका वर्षात गच्छंती. सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर शोभतील असे लोक आहेत.

झोनडिफेन्स

धरमपेठी, एरिक बरीच वर्षं असिस्टंट होता, २०१९ च्या विजेत्या संघाच्या बाकावरही होता. नुसता बापाचा मुलगा म्हणून उडवून लावू नका. पण मुद्दा पोचला.

सासुरवाशीण_सिअ‍ॅटल

सगळ्यांचे आभार. ओळखी तर आहेतच, पण मला त्याहून वेगळं काही दिसतंय, ते मांडते. पटलं नाही तर खोडून काढा.

अलीकडे या लीगमध्ये ज्या बायकांना पहिल्यांदा हेड कोचपद मिळालं त्यांची वाट बघा. बेकी हॅमन: स्वतः मोठी खेळाडू, पण कोच म्हणून ओळख झाली ती पुरुषांच्या सॅन अँटोनियो स्पर्सच्या बाकावर, २०१४ पासून. डिसेंबर २०२० मध्ये स्पर्सचे हेड कोच पॉपोविच यांना पंचांनी बाहेर काढलं त्या रात्री तिने एनबीएचा संघ चालवला. एनबीएतल्या हेड कोचच्या जागांसाठी मुलाखती झाल्या, नोकरी कोणी दिली नाही, आणि २०२१ च्या शेवटच्या दिवशी लास व्हेगासने करार जाहीर केला. नॅटली नाकासे: यूसीएलएत शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरलेली पाच फूट दोन इंचांची पॉइंट गार्ड (चेंडू घेऊन डाव रचणारी खेळाडू), पुढे जपानमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक संघाची कोच. तिथून अमेरिकेत परत आली ती एलए क्लिपर्सच्या व्हिडिओ खोलीत, पार तळापासून. बऱ्याच वर्षांनी हॅमनची असिस्टंट, मग व्हॅल्कीरीजची हेड कोच. आणि आता रामन, मेम्फिसमार्गे.

तिघी कर्तबगार आहेत, त्यात वाद नाही. पण तिघींच्याही अर्जावर पुरुषांच्या लीगचा शिक्का आहे. दुसरीकडे टिबेट्स २०२३ मध्ये आले तेव्हा व्यावसायिक पातळीवर बायकांचा संघ त्यांनी कधी चालवलाच नव्हता. न्यूयॉर्कला आता ब्रोंडेलोच्या जागी आलेले ख्रिस डीमार्को गोल्डन स्टेट वॉरियर्सचे असिस्टंट. पोर्टलंडचे अ‍ॅलेक्स सारामा क्लीव्हलंड कॅव्हलियर्सचे. म्हणजे पुरुषाला एनबीएचा बाक असला की बायकांच्या खेळाचा अनुभव माफ. आणि बाईला बायकांच्या खेळाचा वीस वर्षांचा अनुभव असला तरी एनबीएचा बाक असला तर बरं. अनुभव मोजायची दोन मापं आहेत, आणि ती बायकांच्याच लीगने तयार केली आहेत. मला हे खुपतं.

आकडेमोड

ताई, मांडणी चांगली, पण पुरावा निवडून घेतलाय. स्टेफनी व्हाइट याच लीगमधून वर आल्या. लिन रॉबर्ट्स कॉलेजमधून थेट, युटाहून. स्मेस्को कॉलेजमधून, आता डॅलसला गेलेले होजे फर्नांडिस कॉलेजमधून, मेझियान बेल्जियमच्या महिला राष्ट्रीय संघातून. एनबीएचा बाक हा एक दरवाजा आहे, एकमेव नाही.

उलट उदाहरणही घ्या. टेरेसा वेदरस्पून. १९९९ च्या अंतिम फेरीत अर्ध्या मैदानावरून शेवटच्या क्षणी बास्केट टाकणारी, हॉल ऑफ फेममधली खेळाडू. न्यू ऑर्लीन्स पेलिकन्सच्या बाकावरही बसून आली. म्हणजे तुमचा शिक्का होता. शिकागोने एका हंगामात घरी पाठवलं, १३ विजयांवर. त्यांच्या जागी आलेल्या मार्श यांनी १० आणले आणि ते अजून आहेत.

बेंचवरची

@आकडेमोड, तुमचं शेवटचं वाक्य तर ताईंच्याच बाजूने बोलतंय की!

आकडेमोड

कोक्लेनिसनेही १०च आणले आणि तो गेला. म्हणून म्हटलं, निष्कर्षाची घाई नको.

निवृत्त_पंच

नमस्कार. शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांत बरीच वर्षं शिट्टी फुंकली आहे, त्यामुळे आपल्याकडचं दृश्य सांगतो, ताईंच्या मुद्द्याशी नातं आहे.

मुलींचा संघ स्पर्धेला आला की बरोबर दोन मोठी माणसं. एक सर, एक मॅडम. स्कोअरशीटवर कोच म्हणून सही सरांची. मॅडम ‘मॅनेजर’. मॅडमच्या खांद्याला झोळी, त्यात ओळखपत्रांची फाइल, जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स, ग्लुकोजचा डबा, क्रेप बँडेज, सेफ्टी पिना. टाइमआउट झाला की सर खडूने सिमेंटवर गोल काढून पोरींना जागा दाखवायचे, आणि मॅडम मागे उभ्या राहून पाण्याच्या बाटल्या द्यायच्या. त्यांतल्या एक मॅडम विद्यापीठाकडून खेळलेल्या, हे मला माहीत होतं कारण त्यांचे सामने मीच चालवले होते. सर मूळचे खो-खोचे. एकदा उपांत्य सामन्यात सरांचा फोन वाजला म्हणून ते बाजूला गेले, तेवढ्यात बाईंनी टाइमआउट मागितला, दोन वाक्यांत समोरच्यांचा झोन (जागा वाटून घेऊन केलेला बचाव) कसा फोडायचा ते सांगितलं आणि परत पाण्याच्या बाटल्यांकडे गेल्या. पोरींनी पुढचे सहा गुण सलग केले.

पुढच्या वर्षीही सही सरांचीच.

अमेरिकेत पैसा आहे, पद्धत आहे, वकील आहेत. तरी गोष्ट फार निराळी आहे असं मला वाटत नाही.

धरमपेठी

पंचकाका, दंडवत. आमच्या शाळेत तर मॅडम शिवणकामाच्या होत्या.

अभ्यासू_उंट

पंचकाकांनी सांगितलं त्याची अमेरिकन बाजू: १९७२ मध्ये तिकडे टायटल नाइन हा कायदा आला, शिक्षणसंस्थांत मुलींच्या खेळालाही समान संधी. त्याआधी कॉलेजातल्या मुलींच्या संघांच्या कोच ९० टक्क्यांहून जास्त बायकाच होत्या, बऱ्याचदा फुकट किंवा किरकोळ मानधनावर. कायद्यामुळे पैसा आला, पगार आला, प्रतिष्ठा आली, आणि पुरुषही आले. आज हे प्रमाण निम्म्याखाली आहे. खेळणाऱ्या मुलींचं सोनं झालं, शिकवणाऱ्या बायकांची जागा आकसली. लीगमध्ये आत्ता तेच चाललंय. टीव्हीचा पैसा आला, मोठे मालक आले, आता नोकरी घेण्यासारखी झाली.

झोनडिफेन्स

पैशाचा विषय निघालाच आहे तर हे घ्या. २०२५ मध्ये एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्च करता येत होते साधारण १५ लाख डॉलर. ही लीगने घातलेली कमाल मर्यादा. लीगमधली सर्वांत गाजणारी खेळाडू केटलिन क्लार्क, तिचा २०२४ चा, म्हणजे पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर. कोचच्या पगाराला मात्र मर्यादा नाही. हॅमनचा करार वर्षाला १० लाखांच्या वर असल्याचं तेव्हा छापून आलं होतं, आणि टिबेट्सना फीनिक्सने त्याहून जास्त देऊन लीगमधला सर्वांत महागडा कोच केल्याच्याही बातम्या होत्या.

म्हणजे मालकाला ‘मी किती गंभीर आहे’ हे दाखवायचं तर खेळाडूंवर उधळता येत नाही, नियम आडवा येतो. उधळायच्या जागा दोनच: प्रॅक्टिसची इमारत आणि कोच. मॅट इश्बिया यांनी २०२३ मध्ये फीनिक्स घेतल्यावर दोन्ही केलं. नव्या करारात खेळाडूंचे पगार वाढले की कोच हा एवढा मोठा जाहिरातफलक राहणार नाही, असा माझा अंदाज.

बेंचवरची

आणि टिबेट्स २०२५ ला अंतिम फेरीत पोचले, हेही लिहा. ०-४ हरले, हॅमनकडूनच.

त्या हंगामाचं मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण. २ ऑगस्टला मिनेसोटाने लास व्हेगासला त्यांच्याच घरी ५३ गुणांनी धुतलं. १११-५८. चौदा विजय, चौदा पराभव, समाजमाध्यमांवर ‘हॅमनला काढा’ सुरू. त्यानंतर साखळीतला एकही सामना हरले नाहीत. सलग सोळा. आणि मग विजेतेपद, चार वर्षांत तिसरं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मालक डगमगला असता तर? कोच निवडण्याइतकंच कोचला सांभाळणं हेही काम आहे, आणि तिथे शिकागो-डॅलसवाले कच्चे.

सासुरवाशीण_सिअ‍ॅटल

@आकडेमोड, मान्य, दरवाजे अनेक आहेत. पण एक बघा. सध्याच्या पंधरांत बायका सात: रीव्ह, हॅमन, नाकासे, व्हाइट, रॉबर्ट्स, ब्रोंडेलो, रामन. २०२५ नंतर भरलेल्या पाच जागांपैकी पहिल्यांदाच डब्ल्यूएनबीए हेड कोच होणारे चार, त्यांत बाई एकच. ब्रोंडेलोला तर दोन विजेतेपदं खिशात असल्यामुळे घेतलं. पुरुषांना शक्यतेवर घेतात, बायकांना सिद्ध केलेल्यावर. नाकासेने पहिल्याच वर्षी नवा कोरा संघ प्लेऑफला नेला, जे लीगच्या इतिहासात कुठल्याही नव्या संघाला जमलं नव्हतं, कोच ऑफ द इयर झाली. तिला ती संधी चव्वेचाळिसाव्या वर्षी मिळते आणि सारामा तिशीत हेड कोच.

लीगने एक बरा नियम मात्र केलाय: बाकावर माजी डब्ल्यूएनबीए खेळाडू असेल तर संघाला जास्तीचा असिस्टंट ठेवता येतो. त्यातून खेळाडू बाकापर्यंत येतात. बाकावरून पहिल्या खुर्चीवर सरकवणारा नियम कोण करणार?

आकडेमोड

नियमाने हेड कोच नेमू नयेत, एवढं माझं मत नोंदवा. मुलाखतीच्या यादीत कोण होतं ते जाहीर करा म्हणावं, अर्धं काम होईल. सध्या कळतं ते फक्त निवडलेल्याचं नाव.

निवृत्त_पंच

यादी जाहीर करण्याला जोरदार अनुमोदन. आमच्याकडे तर जागा भरली आहे हेही खो-खोचे सर मैदानावर दिसले की कळायचं.

धरमपेठी

ते सगळं ठीक, पण रामन बाईंसमोर यंदा काय वाढून ठेवलंय? सिअ‍ॅटलकडे आहे कोण?

सासुरवाशीण_सिअ‍ॅटल

डॉमिनिक मलोंगा आहे. फ्रेंच, सहा फूट सहा इंच, २०२५ च्या ड्राफ्टमधली (संघ नव्या खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यातली) दुसरी निवड, अजून विशीच्या उंबरठ्यावर. बाकीच्या मोठ्या नावांचे करार २०२५ च्या हंगामाबरोबर संपले. एमआयटी, मेम्फिस, दोन्हीकडे बाईंचं नाव झालं ते तरुण खेळाडू घडवण्यासाठी, त्यामुळे मलोंगासाठीच आणलंय असा माझा कयास. पहिल्या घरच्या सामन्याचं तिकीट काढणार आहे, वृत्तांत इथेच टाकीन. नागपूरकरांनी आधी संत्रा बर्फी पाठवावी.

धरमपेठी

बर्फी तयार आहे. कस्टमवाले खातील त्याची जबाबदारी आमची नाही.